वॉर्सातल्या चौकाला जामनगरच्या महाराजांचं नाव का आहे? आणि त्या गोष्टीत कोल्हापूर कुठून आलं?

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी पोलंडला गेले. वॉर्सात उतरल्यावर त्यांनी ज्या स्मारकांवर फुलं वाहिली, त्यातलं एक होतं जामनगरच्या महाराजांचं आणि एक होतं कोल्हापूरचं. फोटो आले आणि आपल्याकडे पुन्हा एकदा ती पोस्ट फिरायला लागली. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या बायका-मुलांनी भरलेलं एक जहाज समुद्रात भटकत होतं, कोणताच देश त्यांना उतरू देईना, मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरनेही नकार दिला, मग जामनगरच्या महाराजांनी ते जहाज आपल्या बंदरात घेतलं.

गोष्ट छान आहे, पण तशी घडलेली नाही. मुलं जहाजाने आलीच नव्हती, ती ट्रकने आली. कोल्हापूरची वसाहतही जामनगरच्या महाराजांनी उभारलेली नव्हती. तरीही त्या महाराजांचं नाव पोलंडमध्ये आजही आदराने घेतात. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते या पोस्टमध्ये सहसा नसतं.

त्या महाराजांचं नाव दिग्विजयसिंहजी. नवानगर संस्थानचे जामसाहेब. नवानगर म्हणजे आजचं जामनगर.

दत्तकाची गादी

क्रिकेट बघणाऱ्याला हे घराणं वेगळं सांगायला नको. रणजी ट्रॉफी ज्यांच्या नावाने आहे ते रणजितसिंहजी हे दिग्विजयसिंहजींचे काका.

नवानगरच्या गादीचा इतिहास दत्तकांनी भरलेला आहे. रणजींना लहानपणी जाम विभाजींनी वारस म्हणून निवडलं होतं. पुढे विभाजींना मुलगा झाला आणि रणजी बाजूला पडले. इंग्लंडमध्ये बॅटच्या जोरावर नाव कमावून १९०७ मध्ये ते अखेर गादीवर बसले. त्यांनी लग्न केलं नाही. त्यामुळे पुतण्या दिग्विजयसिंह हाच त्यांचा वारस ठरला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कोल्हापूरचे शाहू महाराज कागलच्या घाटग्यांकडून दत्तक आले, बडोद्याचे सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून. संस्थानात दत्तक म्हणजे गादी चालू ठेवायचा मार्ग. दिग्विजयसिंहजींनी पुढे याच शब्दाचा वापर पूर्णपणे वेगळ्या कामासाठी केला. म्हणून हा तपशील लक्षात ठेवा.

त्यांचा जन्म १८९५ चा. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर इंग्लंडमध्ये. १९१९ मध्ये ते लष्करात अधिकारी झाले आणि १९३१ पर्यंत नोकरीत राहिले. एप्रिल १९३३ मध्ये रणजी गेले आणि पुतण्या जामसाहेब झाला. १९३७-३८ मध्ये ते बीसीसीआयचे अध्यक्ष होते. १९३७ पासून संस्थानिकांच्या संघटनेचे, म्हणजे नरेंद्र मंडळाचे चॅन्सलरही होते. थोडक्यात, दिल्लीत व्हाइसरॉयच्या दारात ज्याचा शब्द चालतो असा माणूस.

पोलंडशी त्यांचा संबंध जुना होता असं सांगतात. रणजी राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला जायचे. पुतण्याही तिकडे असायचा. तिथे त्याची ओळख इग्नात्सी पाडेरेव्हस्की यांच्याशी झाली. पाडेरेव्हस्की हे जगप्रसिद्ध पियानोवादक आणि स्वतंत्र पोलंडचे सुरुवातीचे पंतप्रधान. या ओळखीमुळेच पुढचं सगळं घडलं असं म्हणणं जरा जास्त होईल. पण १९४१ मध्ये पोलंडची मुलं असे शब्द कानावर पडले, तेव्हा काठियावाडातल्या या राजाला पोलंड नकाशावर शोधावा लागला नसणार, एवढं नक्की.

मुलं आली कुठून?

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूने सोव्हिएत रशिया घुसला. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला आणि फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या लाखो लोकांना घरातून उचलून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्यात आलं. जंगलतोड, खाणी, सामुदायिक शेती. थंडीने, उपासमारीने, टायफसने माणसं मरत गेली. आई-वडील गेले, मुलं उरली.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि डाव उलटला. आता रशियाला मित्र हवे होते. जुलैअखेर पोलंडच्या लंडनमधल्या निर्वासित सरकारशी करार झाला आणि या पोलिश कैद्यांना सोडायचं ठरलं. सुटलेले लोक दक्षिणेकडे निघाले, कारण तिकडे जनरल आंडर्स पोलिश फौज उभी करत होते. १९४२ मध्ये या फौजेसोबत लाखाहून जास्त लोक इराणमध्ये पोचले.

पण काही अनाथ मुलं त्याआधीच वेगळ्या वाटेने निघाली होती. मुंबईतल्या पोलिश वकिलातीने मदतीचं सामान घेऊन ट्रकचा ताफा पाठवला होता. परतताना त्याच ट्रकमध्ये मुलं बसवली. अश्गाबादहून सीमा ओलांडून इराणमधलं मशहद, तिथून झाहिदान, मग क्वेट्टा, आणि पुढे रेल्वेने मुंबई. वाळवंट आणि डोंगर यांतून हजारो किलोमीटरचा रस्ता. १९४२ च्या वसंतात पहिली तुकडी मुंबईत उतरली आणि काही काळ वांद्र्यात राहिली. समुद्रात भटकणाऱ्या जहाजापेक्षा हा प्रवास कमी चित्तथरारक होता असं कोण म्हणेल?

या मुलांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. लंडनमधल्या पोलिश सरकारच्या विनंतीवरून ५०० मुलांना भारतात जागा द्यायला दिल्ली तयार झाली होती, पण जागा ठरायची होती. जामसाहेबांनी आपल्या संस्थानातली जागा देऊ केली. जामनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर समुद्रकाठी बालाचडी गाव आहे. तिथे त्यांचा उन्हाळी महाल होता. त्याच्याजवळ छावणी उभी राहिली आणि जुलै १९४२ मध्ये मुलं तिथे राहायला आली. पुढच्या चार वर्षांत तिथे राहून गेलेल्या मुलांचा आकडा सुमारे हजार सांगितला जातो.

आता त्या वेळचा भारत डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट १९४२ मध्ये चले जाव सुरू झालं. गांधी, नेहरू, पटेल तुरुंगात. पुढच्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळात लाखो लोक भुकेने मेले. आणि जामसाहेब? ते इंग्रजांच्या बाजूने होते. १९४२ मध्येच ते भारताचे एक प्रतिनिधी म्हणून लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाच्या बैठकांना बसत होते. बालाचडीचा सगळा खर्च त्यांच्या खजिन्यातून झाला असंही नाही. पोलिश मुलांसाठी वेगळा निधी होता, त्यात इतर संस्थानिकांनी आणि टाटांसारख्यांनी पैसे घातले, लंडनच्या पोलिश सरकारचा वाटा होता. त्यामुळे त्यांना देवमाणूस करून फोटोला हार घालण्यात फारसा अर्थ नाही. त्यांनी नेमकं काय केलं हे जास्त महत्त्वाचं आहे.

पालकाचा संप

मुलं आली त्या दिवशी जामसाहेबांनी त्यांना सांगितलं की आजपासून तुम्ही अनाथ नाही. नवानगरची रयत मला बापू म्हणते, तुम्हीही तेच म्हणा. हे भाषणातलं वाक्य म्हणून सोडून देता आलं असतं. मुलांनी ते सोडलं नाही. म्हातारपणी आठवणी सांगतानाही ती माणसं त्यांचा उल्लेख बापू असाच करत राहिली.

आणि बापू छावणीत खरंच यायचे. मुलं फुटबॉल खेळायची, आसपासच्या संघांशी सामने व्हायचे, तेव्हा बघायला यायचे. मुलांनी पोलिश नाच-गाणी आणि नाटकं बसवली की पाहुणे म्हणून पुढच्या रांगेत बसायचे. ख्रिसमसला यायचे. आपल्याकडचं तिखट जेवण मुलांना झेपेना, तेव्हा गोव्याहून स्वयंपाकी आणले गेले. त्या काळी युरोपियन पद्धतीचं जेवण करणारा स्वयंपाकी हवा तर गोवेकर, हे मुंबईपासून काठियावाडपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

सगळ्यात प्रसिद्ध किस्सा पालकाचा. छावणीत पालक वारंवार व्हायला लागला आणि मुलं इतकी वैतागली की त्यांनी खायलाच नकार दिला. अक्षरशः संप. बातमी जामसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी पालक बंद करायला लावला. दोन वर्षांपूर्वी ही मुलं भाकरीच्या तुकड्यासाठी रांगेत उभी होती. आता ती एका भाजीला नको म्हणत होती आणि कुणी त्यांना कृतघ्न म्हणत नव्हतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट आणखी वेगळी आहे. जामसाहेबांनी या मुलांना नवानगरचं करायचा प्रयत्न केला नाही. छावणीत पोलिश झेंडा होता. शाळा पोलिश भाषेत होती, पुस्तकं मध्यपूर्वेतल्या पोलिश फौजेकडून यायची. स्काउटची पथकं होती. छावणीचे प्रमुख होते फादर फ्रान्चिशेक प्लुटा नावाचे पोलिश धर्मगुरू. हिंदू राजाच्या महालाशेजारी कॅथलिक प्रार्थना चालायची. एखादा समाज परक्या मुलखात स्वतःला कसा टिकवतो, याचं उत्तर जगभरच्या पोलिश लोकांनी साधारण एकच दिलंय: आधी चर्च, मग शाळा, मग नाच-गाण्याचा ग्रुप. शिकागो आणि डेट्रॉइटमध्ये कामाच्या शोधात गेलेल्या पोलिश लोकांनी हेच केलं. फरक इतकाच की तिकडे लोक स्वतःहून गेले होते आणि कमावत होते. इथे हे सगळं मुलं करत होती.

कोल्हापूर कुठे आलं?

इराणमध्ये अडकलेल्या बाकी पोलिश लोकांचाही प्रश्न होताच. त्यांच्यासाठी भारत सरकारने १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे इथे मोठी वसाहत उभारली. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर, शहरापासून काही किलोमीटरवर. तिचा खर्च पोलंडचं लंडनमधलं सरकार करत होतं. म्हणजे ही जामसाहेबांची कामगिरी नव्हे. पोस्ट लिहिणारे इथेच दोन्हींची सरमिसळ करतात.

वळिवड्यात सुमारे ५ हजार लोक होते. बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष फौजेत होते. बालाचडी हे अनाथ मुलांचं वसतिगृह होतं, वळिवडे मात्र अख्खं गावच. प्रत्येक कुटुंबाला खोली, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. चर्च, दवाखाना, प्राथमिक शाळा, हायस्कूल, नाटक-सिनेमाची जागा, सहकारी दुकान. कोल्हापूरच्या बाजारातला भाजीवाला आणि पोलिश बाई यांच्यात घासाघीस व्हायची. काही मुलींनी इथल्या तरुणांशी लग्न केलं आणि त्या भारतातच राहिल्या. तब्येतीने खचलेल्या मुलांना हवापालटासाठी पाचगणीला ठेवलं जायचं.

वांदा दिनोव्स्का नावाची पोलिश लेखिका तेव्हा भारतातच राहत होती. थिऑसॉफीच्या ओढीने आलेली, गांधीजींच्या संपर्कातली, उमादेवी या नावाने ओळखली जाणारी. तिने वळिवड्यातल्या मुलांना भारताची ओळख करून द्यायचं काम अंगावर घेतलं. १९४४ मध्ये मद्रासमध्ये तिने पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आणि भारतीय साहित्य पोलिश भाषेत आणलं. पण तिच्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा.

कागदावरचे वडील

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि खरा पेच सुरू झाला.

पोलंड जर्मनीच्या तावडीतून सुटला, पण सोव्हिएत प्रभावाखाली गेला. वॉर्सात कम्युनिस्टांच्या वर्चस्वाचं सरकार आलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या जुन्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. एका दिवसात छावण्यांमागचं सरकारच गायब झालं. आता कायद्याने या मुलांचं पालक कोण? नवं सरकार म्हणत होतं, आमची मुलं आहेत, परत पाठवा. ब्रिटिशांनाही छावण्या बंद करायच्या होत्या.

मुलांना परत जायचं नव्हतं. त्यांच्या आई-वडिलांना ज्यांनी मालगाडीत घातलं, तेच आता मायदेशावर हुकूमत गाजवत होते. शिवाय कित्येकांची गावं आता पोलंडमध्ये उरलीच नव्हती, तो भाग सोव्हिएत युनियनने घेतला होता. ज्यांचे आई-बाप जिवंत होते त्यांच्यासाठी आई-बाप बोलू शकत होते. अनाथ मुलांच्या वतीने नाही म्हणणारं कायदेशीर माणूसच नव्हतं.

मग जामसाहेबांनी ती जागा घेतली. ते स्वतः, फादर प्लुटा आणि जेफ्री क्लार्क नावाचे ब्रिटिश अधिकारी, या तिघांनी मिळून मुलांना कायदेशीर दत्तक घेतल्याचे कागद केले. आता ही मुलं बेवारस नव्हती. त्यांना कुठे पाठवायचं हे पालक ठरवणार होते आणि पालकांमध्ये एक संस्थानिक होता, नरेंद्र मंडळाचा माजी चॅन्सलर. ब्रिटिश इंडियाच्या एखाद्या जिल्ह्यात ही युक्ती चालली असती का, शंका आहे. संस्थानात राजाची सही म्हणजे कायदा.

ज्या घराण्यात गादीला वारस हवा म्हणून मुलं दत्तक घेतली जायची, तिथल्या राजाने अशी मुलं दत्तक घेतली ज्यांना गादी, जमीन, नाव यातलं काहीच मिळणार नव्हतं. मिळणार होतं ते फक्त नको तिथे न जाण्याचं संरक्षण. वांद्र्यापासून बालाचडीपर्यंत मदत करणारे पुष्कळ जण होते. जामसाहेब त्यांच्यापेक्षा वेगळे ठरतात ते या सहीमुळे. पालक बंद करणं सोपं होतं. हे दोन सरकारांच्या इच्छेविरुद्ध होतं.

फादर प्लुटा यांनी पुढे काही मुलांना अमेरिकेला नेलं. पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने त्यांना मुलं पळवणारा ठरवलं.

१९४६ मध्ये बालाचडी बंद झालं आणि उरलेली मुलं वळिवड्याला आली. जामनगर आणि कोल्हापूर या दोन गोष्टी खऱ्या अर्थाने एकत्र आल्या त्या इथे. १९४८ पर्यंत वळिवडेही रिकामं झालं. ज्यांच्या घरचे पोलिश फौजेत होते ते बहुतेक ब्रिटनला गेले, बाकीचे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, आफ्रिका असे पांगले. काही जण पोलंडला परतले. रिकाम्या घरांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि वळिवड्याच्या त्या भागाचं गांधीनगर झालं, आज कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं. रहाटणी-काळेवाडीकडून पवना ओलांडून पिंपरी कॅम्पात खरेदीला जाणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तोही फाळणीनंतर वसलेला सिंधी कॅम्पच.

नंतरचे जामसाहेब

स्वातंत्र्याच्या वेळी त्यांचं वागणं सरळ रेषेत नव्हतं. काठियावाडच्या संस्थानांचा वेगळा संघ करावा असा विचार त्यांच्या डोक्यात होता. सरदार पटेलांशी भेट झाल्यावर तो मागे पडला, आणि मग मात्र ते पूर्णपणे भारताच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९४७ मध्ये पटेल सोमनाथला गेले तेव्हा जामसाहेब सोबत होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये काठियावाडची दोनशेहून अधिक लहान-मोठी संस्थानं एकत्र होऊन नवं राज्य झालं, तेच पुढे सौराष्ट्र म्हणून ओळखलं गेलं. जामसाहेब त्याचे राजप्रमुख झाले. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय शिष्टमंडळातही ते होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला सौराष्ट्र मुंबई राज्यात विलीन झालं आणि राजप्रमुखपद संपलं. म्हणजे १ मे १९६० पर्यंत साडेतीन वर्षं बालाचडी आणि वळिवडे ही दोन्ही गावं एकाच राज्यात होती. तोवर तिथे एकही पोलिश मूल नव्हतं, हा भाग वेगळा.

जामसाहेब ३ फेब्रुवारी १९६६ ला मुंबईत वारले. असं सांगितलं जातं की युद्धाच्या काळात पोलंडचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांनी त्यांना या उपकारांची परतफेड कशी करू असं विचारलं होतं, तेव्हा स्वतंत्र पोलंडमध्ये एखाद्या रस्त्याला माझं नाव द्या, असं ते म्हणाले होते. सिकोर्स्की १९४३ मध्येच विमान अपघातात गेले. कम्युनिस्ट राजवटीत, मुलांना आपल्या हाती न लागू देणाऱ्या राजाचं नाव रस्त्याला मिळणं शक्यच नव्हतं. सायबेरियाला झालेल्या हद्दपारीबद्दलच तिथे उघड बोलता येत नव्हतं.

१९८९ मध्ये ती राजवट कोसळली. १९९९ मध्ये वॉर्सातल्या एका शाळेने जामसाहेबांचं नाव घेतलं. २०१२ मध्ये शहराच्या ओखोता भागात चौक झाला, त्याचं नाव भल्या महाराजांचा चौक. पोलंडने त्यांना मरणोत्तर सन्मानही दिला. २०२४ च्या दौऱ्यात मोदींनी त्यांच्या नावाने युवा कार्यक्रम जाहीर केला, ज्यात दर वर्षी २० पोलिश तरुण भारतात येणार आहेत.

बालाचडीच्या छावणीच्या जागी आज सैनिक शाळा आहे. वळिवड्यात २०१९ मध्ये स्मृतिस्तंभ उभारला गेला, तेव्हा तिथे लहानाचे मोठे झालेले काही जण ऐंशी-नव्वदीच्या वयात कोल्हापूरला आले होते. जे इथून कधी गेलेच नाहीत, वसाहतीच्या त्या पाच वर्षांत वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.